मांत्रिकाचा संयम आणि तलवारीचें ऋण

बीबी हें आमचें गांव बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्यांत आहे. एका अंगास लोणारचें सरोवर आणि दुसऱ्या अंगास जिजाबाईंचें जन्मस्थान सिंदखेडराजा, अशा दोन स्थळांमध्यें तें वसलेलें असल्यामुळें येथील मुलांच्या कानांवर दोन अद्भुत कथा पाळण्यांतच पडतात. एक दैत्याची आणि दुसरी तलवारीची. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत घरीं जमलेल्या मुलांपैकीं एकानें टॉल्किन ह्या इंग्रज ग्रंथकाराच्या महाकथेचा पहिला भाग वाचून हातावेगळा केला, आणि रात्रीं अंगणांत बसलों असतां आम्हांस विचारिलें, "काका, त्या राजाची मोडलेली तलवार पुन्हां घडविली, तशी आपल्याकडे एखादी तलवार होती का?" आम्हीं अर्थातच भवानी तलवारीचें नांव घेतलें. त्याबरोबर दुसरा प्रश्न आला, "ती खरी होती का?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं बऱ्यापैकीं दिलें, सातारा, कोल्हापूर, लंडन, सर्व कांहीं सांगितलें. पहिल्या प्रश्नाकडे मात्र पुन्हां वळणें झालें नाहीं. आणि मुलगा उठून गेल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, त्यास खरोखर हवें होतें तें पहिल्याचेंच उत्तर. तें येथें देण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्या वाचकांनीं हा ग्रंथ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. टॉल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत प्राचीन इंग्रजी भाषेचे अध्यापक होते. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, सोमच्या रणभूमीवर ते स्वतः होते. मुलांसाठीं लिहिलेली त्यांची 'हॉबिट' ही कथा १९३७ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तिच्यांतूनच वाढलेली मुद्रिकांची महाकथा १९५४–५५ मध्यें तीन भागांत बाहेर पडली. श्रीमती मुग्धा कर्णिक ह्यांनीं ती 'स्वामी मुद्रिकांचा' ह्या नांवानें मराठींत आणिली आहे. कथेचें सूत्र साधें आहे. सौरॉन नांवाच्या एका दुष्ट अधिपतीनें जगावर सत्ता चालविण्यासाठीं एक मुद्रिका घडविली, ती हरवली, पुढें ती हॉबिट नांवाच्या ठेंगण्या, खाऊनपिऊन सुखी असणाऱ्या खेडवळ लोकांपैकीं एकाच्या हातीं लागली, आणि तिचा उपयोग न करितां, ज्या अग्नींत ती घडली त्याच अग्नींत ती टाकून देण्याचें काम त्या ठेंगूंवर येऊन पडलें. हातीं आलेली शक्ति वापरावयाची नाहीं, हा ज्या कथेचा विषय, तिच्यांत जादूगार व तलवारी ह्यांस काय स्थान असावें, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

प्रथम जादूगारांकडे पाहूं. ह्या कथेंतील गँडाल्फ ह्यास मराठींत काय म्हणावें, येथेंच अडचण येते. 'जादूगार' म्हटलें कीं पडद्यापुढें टोपींतून कबूतर काढणारा गृहस्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. 'मांत्रिक' म्हटलें कीं लिंबू, अंगारा व भोळ्या माणसांची नागवण आठवते. गँडाल्फ हा आपल्याकडील भटक्या ऋषीच्या जवळचा आहे. हातीं काठी, अंगावर मळका झगा, कोणाच्याही दारीं अवचित येऊन उभा राहणारा. त्याच्यासारखे पांच जण म्हाताऱ्यांच्या रूपानें जगांत पाठविले गेले, आणि त्यांस एक अट घातलेली होती. शत्रूच्या बळाशीं आपलें बळ लावावयाचें नाहीं. कोणासही भय दाखवून वा जबरीनें वळवावयाचें नाहीं. फक्त ज्यांच्या अंगीं कांहीं चांगलें करण्याची इच्छा आहे त्यांस जागें करावयाचें. म्हणून हजार पृष्ठांच्या ह्या ग्रंथांत गँडाल्फची प्रत्यक्ष जादू शोधूं गेलें असतां फारच थोडी सांपडते. तो आग पेटवितो, काठीच्या टोकास उजेड करितो, एक पूल मोडतो, आणि तो पूल मोडतांना स्वतः खोल दरींत पडतो व शेवटीं मरतो. पुढें त्यास परत पाठविलें जातें खरें, परंतु मरण त्यास चुकलेलें नाहीं. मुद्रिका त्याला कोणीही न मागतां देऊं केली असतां तो ती नाकारितो. कारण दयेपोटीं कां होईना, पण आपण तिचा उपयोग करूं, हें तो ओळखून असतो.

त्याचाच सहकारी सारुमान. ज्ञानानें श्रेष्ठ, वाणीनें मधुर. तो ही अट मोडतो, आणि शत्रूचें बळ आपल्या हातीं यावें म्हणून शत्रूसारखाच होऊं लागतो. शेवटीं त्याच्याजवळ उरतो तो केवळ आवाज. दोघांची जादू मुळांत एकच असतां एक थोर होतो व दुसरा भिकारी, ह्याचें कारण ग्रंथकारानें जादूला किंमत ठेविली आहे. ज्या कथेंत चमत्काराला मोल द्यावें लागतें, त्या कथेंतील चमत्कार वाचकाच्या बुद्धीचा अपमान करीत नाहीं; आमच्या मतें अद्भुत वाङ्मयाची हीच एक कसोटी आहे.

आतां तलवारी. गँडाल्फची ग्लॅमड्रिंग, बिल्बोची लहानशी स्टिंग, आणि अरागॉर्न राजाची ती मोडलेली व पुन्हां घडविलेली. तिघींसही नांवें आहेत, तिघींसही पूर्वेतिहास आहे. शत्रु जवळ आला कीं स्टिंगचें पातें निळें चमकतें. मुलांस ही गोष्ट फार आवडते व ती आवडावीच. परंतु स्टिंगच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा प्रसंग कोणता? अंधाऱ्या भुयारांत, वाट अडवून बसलेल्या गॉलम नांवाच्या दीन पण घातकी जीवाच्या मागें बिल्बो ती उपसून उभा असतो. एक घाव, कीं मार्ग मोकळा. त्याच्या मनांत दया येते. तो घाव घालीत नाहीं, उडी मारून निघून जातो. कित्येक वर्षांनंतर, अग्नीच्या काठावर उभे असतां मुद्रिकावाहकाचेंही मन फिरतें, आणि त्या क्षणीं मुद्रिकेचा नाश होतो तो त्याच जिवंत राहिलेल्या गॉलममुळें. म्हणजे सबंध जगाचा बचाव एका न घातलेल्या घावावर उभा आहे. तलवारीची कथा लिहून तिचा कळस तलवार न चालण्यांत ठेवावा, ही ग्रंथकाराची दृष्टि रणांगणाहून परत आलेल्या माणसाची आहे, असें आम्हांस वाटतें.

मोडलेल्या तलवारीची गोष्ट निराळी. नार्सिल ही तलवार एलेंडिल राजा सौरॉनशीं लढतां लढतां पडला तेव्हां त्याच्या अंगाखालीं मोडली. त्याच्या मुलानें मुठीशीं उरलेल्या तुकड्यानेंच शत्रूच्या बोटावरील मुद्रिका कापून घेतली. पण ती नष्ट न करितां स्वतःजवळ ठेविली. पुढील सर्व अनर्थ ह्या एका लोभांतून निघतो. त्यामुळें त्याच्या वंशजास तलवारीबरोबर पूर्वजाचें पापही वारसानें मिळतें. अरागॉर्न ते तुकडे मिरवीत नाहीं. घराण्याचें ऋण म्हणून जपतो, आणि तें फेडण्यास निघण्याची वेळ येते तेव्हांच ती तलवार नव्यानें घडविली जाते.

टॉल्किन ह्यांच्या मृत्यूनंतर १९७७ सालीं त्यांच्या पुत्रानें प्रसिद्ध केलेल्या 'सिल्मारिलियन' ह्या ग्रंथांत आणखी एक तलवार आहे, व ती आम्हां लोणारच्या शेजाऱ्यांस विशेष जवळची वाटते. ती आकाशांतून जळत पडलेल्या लोखंडाची आहे. घडविणाऱ्याचा द्वेष तिच्यांत उतरलेला. टूरिन नांवाचा वीर अंधारांत तिनेंच आपल्या प्राणप्रिय मित्रास मारितो, पुढें तिनेंच महासर्पाचा वध करितो, आणि शेवटीं तिच्याच टोंकावर देह ठेवितो. हें कोणास अगदींच कपोलकल्पित वाटेल, तर जहांगीर बादशहाच्या आठवणी पाहाव्या. १६२१ सालीं जालंदर परगण्यांतील एका गांवीं आकाशांतून तप्त लोखंडाचा गोळा पडला. बादशहानें तो उस्ताद दाऊद ह्या कारागिराकडे दिला. नुसतें तें लोखंड घणाखालीं टिकेना. तेव्हां त्याच्या तीन भागांत साध्या लोखंडाचा एक भाग मिसळून दोन तलवारी, एक कट्यार व एक सुरी घडविण्यांत आली. ती सुरी आज अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत आहे. नुसत्या आकाशाचें पातें होत नाहीं, त्यांत भूमीचें लोखंड घालावें लागतें, हें दाऊद लोहारानें घणानें सिद्ध केलें; अद्भुत कथा लिहिणाऱ्यांनींही तें लक्षांत ठेवावें.

लोणारचें सरोवरही आकाशांतून आलेल्या अशाच एका आघातानें झालें, असें शास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे. काळ्या बसाल्ट खडकांत पडलेला हा खळगा सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा आहे. आमच्याकडील कथा मात्र सांगते कीं, येथें भूमीखालीं लवणासुर लपून राहत असे. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून त्याच्या बिळाचा ठाव काढिला, पायाच्या अंगठ्यानें वरचें झांकण उडविलें, व त्याचा वध केला. दैत्यसूदनाचें सुंदर देवालय अजून लोणारांत उभें आहे. ह्या कथेंत आम्हांस एक गोष्ट खटकत आली आहे. त्या बहिणींचें पुढें काय झालें? ज्यांनीं भावाचें मर्म सांगितलें त्यांस त्या सत्याची काय किंमत पडली? कथा तेथें गप्प बसते. टॉल्किनसारखा लेखक त्या जागीं थांबला असता, आणि तेथून त्यानें दुसरी कथा काढिली असती.

तथापि आपल्या परंपरेंत ही दृष्टि नव्हतीच असें म्हणणें अन्यायाचें होईल. कथासरित्सागरांतून आलेली व सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांनीं गेल्या शतकाआधींच्या शतकांत मराठी गद्यांत आणिलेली वेताळपंचविशी घ्या. तिच्यांत चमत्काराची अट किती कडक आहे! उत्तर ठाऊक असून राजा बोलला नाहीं तर मस्तक फुटेल. बोलला तर वेताळ पुन्हां झाडावर. राजाच्या कमरेस तलवार आहे, पण पंचवीस खेपांत तिचा कांहीं उपयोग नाहीं. तेथें चालते ती केवळ न्यायबुद्धि. शेवटीं वेताळच राजास सांगतो कीं, ज्या योग्यासाठीं तूं हें प्रेत वाहतोस तो तुलाच बळी देणार आहे. तेव्हां ती तलवार एकदांच चालते, व ती खऱ्या दुष्ट मांत्रिकावर. गँडाल्फ व सारुमान ह्या जोडीचें बीज जणूं येथेंच आहे. स्मशानांतील भूत सल्लागार निघतें आणि भस्म लावलेला साधु मारेकरी.

मग मराठी कादंबरीनें हें धन कां वापरिलें नाहीं? तिनें वापरिलें, परंतु उधळून. लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली, नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं. रिसबूड ह्यांनीं आपल्या प्रस्तावनेंत मोठ्या प्रामाणिकपणानें सांगितलें आहे कीं, आपल्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यांत, विशेषतः विवाहाच्या रूढीमुळें, रंजक असें कांहीं घडतच नाहीं. तेव्हां मनोरंजक पुस्तक लिहावयाचें तर अद्भुताकडे वळणें भाग आहे. ही कबुली मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत फार महत्त्वाची आहे. त्या पिढीस अद्भुत हवें होतें तें जीवन कंटाळवाणें वाटे म्हणून. जीवनाचा अर्थ लागावा म्हणून तें कोणास नको होतें. अशा अद्भुतास नियम कोठून असणार व किंमत कोण लावणार? संकटें येतात तीं नायकाचें कांहीं न बिघडवितां जातात, आणि शेवटीं ज्याचें त्यास सर्व परत मिळतें.

१८७२ सालीं काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनीं नावल व नाटक ह्यांवरील आपल्या निबंधांत ह्या कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर बोट ठेविलें, तें योग्यच होतें. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं घराच्या चार भिंतींआड घडणारें दुःख दाखवून रिसबुडांचें म्हणणें खोटें पाडिलें. विवाहाच्या त्याच रूढींत केवढा भयंकर रस भरला आहे, हें 'पण लक्षांत कोण घेतो' वाचणाऱ्यास सांगावयास नको. हा लाभ मोठा होता व त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहों. परंतु त्या विजयाच्या भरांत आमच्या टीकेनें एक चूक केली असें आम्हांस वाटतें. दोष होता तो नियम नसलेल्या अद्भुताचा. शिक्षा झाली ती अद्भुतमात्रास. तेव्हांपासून राक्षस, वेताळ, मंतरलेलीं शस्त्रें हीं मुलांच्या खोलींत पाठविण्यांत आलीं, आणि प्रौढ वाचकानें तीं हातीं घेणें कमीपणाचें ठरलें.

त्याचा परिणाम आमच्या तलवारीच्या कथेवर झाला. सभासदाच्या बखरींत आणि परमानंदाच्या शिवभारतांत अफजलखानाच्या प्रसंगीं देवी शिवाजी महाराजांस दर्शन देऊन धीर देते. लोककथेंत ह्या दर्शनाचें तलवारीच्या दानांत रूपांतर झालें. ती तलवार कोंकणांतील सावंतांकडून आली व तिचें पातें पोर्तुगीज होतें, असें कांहीं अभ्यासक मानतात. साताऱ्याच्या राजघराण्यांत एक तलवार भवानी म्हणून पूजिली जाते. कोल्हापूरच्या छत्रपतींनीं १८७५–७६ च्या हिंदुस्थानच्या दौऱ्यांत प्रिन्स ऑफ वेल्स ह्यांस दिलेली जगदंबा नांवाची तलवार ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहांत आहे, व तीच भवानी, असा वाद वारंवार उठतो. २०२४ सालीं लंडनच्या संग्रहालयांतील वाघनखें तीन वर्षांसाठीं महाराष्ट्रांत आलीं. तीं महाराजांचींच होतीं हें सिद्ध करितां येत नाहीं, असें तें संग्रहालयच सांगतें. २०२५ सालीं नागपूरचें राज्य स्थापणारे पहिले रघूजी भोसले ह्यांची तलवार महाराष्ट्र सरकारनें लंडनच्या लिलांवांत ४७.१५ लाख रुपयांस घेतली. पातें युरोपांत घडलेलें, आणि त्यावर देवनागरींत सोन्यानें त्यांचें नांव.

ह्या सर्व वस्तु परत याव्यात, त्यांची चिकित्सा व्हावी, ह्यांत आम्हांस आनंदच आहे. पण वाचक हो, आपण ह्या तलवारींस प्रश्न विचारितों तो एकच: खरी कीं खोटी? हा प्रश्न संग्रहालयाचा आहे. कथेचे प्रश्न निराळे. देवीनें ती कोणास दिली, कां दिली, आणि घेणाऱ्यानें त्याबद्दल काय देणें लागलें? सिंदखेडच्या जाधवांच्या वाड्यांत तलवारींची वाण नव्हती. तरी १६२९ सालीं निजामशाही दरबारांत लखुजी जाधव आपल्या पुत्रांसह मारले गेले. ज्या घरच्या तलवारी दुसऱ्यांच्या चाकरींत खर्ची पडल्या, त्या घरच्या मुलीच्या पोटीं आलेल्या पुत्राच्या हातीं देवीनें तलवार दिली, असें लोक म्हणूं लागले. ह्या कल्पनेंत केवढा अर्थ आहे! ती इतिहास म्हणून सिद्ध करूं पाहिली तर पुराव्याअभावीं कोसळते. खोटी म्हणून टाकली तर लोकांनीं तिच्यांत सांठविलेलें सत्य गमावतें. ती कथा म्हणून वाचावी लागते, आणि अद्भुत कथा प्रौढपणानें वाचण्याची संवयच आम्ही सोडून दिली आहे. म्हणून कथेस इतिहास केल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं, आणि त्या पायीं दोहोंचीही हानि होते.

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, मांत्रिकांच्या कथा वाचून समाज अंधश्रद्ध होईल. ज्या महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तेथें हें धाडस बरें नव्हे. आमचें उत्तर असें कीं, गांवोगांवचा भोंदू विकतो ती श्रमावांचून फळ देणारी जादू. वेताळपंचविशींतील योगी व सारुमान हे त्याचेच भाऊबंद आहेत. जादू फुकट मिळत नाहीं, हें कथेंत शिकलेला मुलगा अंगाऱ्याच्या पुडीस सहजासहजीं फसणार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, व तो आमचा स्वतःचा आहे. टॉल्किन ह्यांची थोर तलवार राजरक्तासाठीं राखून ठेविलेली असते. हात पाहून नव्हे, कुळ पाहून ती मिळते. ज्या समाजानें कुळाचें माहात्म्य पिढ्यान्‌पिढ्या भोगलें व सोसलें त्यास हें मुकाट्यानें गिळवणार नाहीं. ह्या एका बाबतींत आमची लोककथा सरस आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं ज्यांच्या क्षत्रियत्वाबद्दलच शंका काढण्यांत आल्या, त्यांस देवीनें तलवार दिली ती त्याच्या किती तरी आधीं, कर्तृत्व पाहून. असें लोकांनीं मानिलें.

परंतु ग्रंथकारास ह्या उणिवेची जाणीव नव्हती असें म्हणवत नाहीं. शत्रूच्या सर्वांत भयंकर सेनापतीचा अंत त्यांनीं राजाच्या तलवारीनें केलेला नाहीं. कोणाही पुरुषाच्या हातून ज्यास मरण नाहीं असा ज्याचा लौकिक, त्यास एओविन ही राजकन्या मारिते. आणि तिच्या आधीं मेरी नांवाचा ठेंगू जुन्या थडग्यांत सांपडलेली एक कट्यार त्याच्या गुडघ्यामागें खुपसतो. कित्येक शतकांपूर्वीं ह्याच शत्रूशीं लढतांना कोणा कारागिरानें ती घडविली होती. त्याचें राज्य बुडालें, त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. घाव घालतांच ती कट्यार जळून नाहींशी होते. तिचें भाग्य जर त्या लोहारास कळतें तर त्यास समाधान वाटतें, एवढेंच ग्रंथकार सांगून पुढें जातो. सबंध महाकथेंत आम्हांस सर्वांत प्रिय शस्त्र हेंच.

मुलगा सुटी संपवून परत गेला आहे. त्याच्या पहिल्या प्रश्नास आमचें उत्तर आतां असें आहे: होय, आपल्याकडे तशी तलवार होती, ती कोणत्या पेटींत आहे तें अभ्यासक ठरवोत. पण ती कोणी दिली ह्याबरोबर ती कोणी घडविली हेंही विचारीत जा, आणि हातीं आल्यावर केव्हां चालवूं नये हेंही. एवढें ज्या कथेंत सांपडेल ती इंग्रजींतली असो कीं आपली, निःसंकोचपणें वाच; आणि वाचून झाल्यावर आमच्याकडे पाठवून दे, कारण ह्या वयांतही आम्हांस ती वाचावयाची आहे.